पॅनोरमाचे रूपांतर: कुठला फिल्टर, कुठे?

प्रश्न: ८००० × ४००० पिक्सेलचा ३६० अंशी पॅनोरमा क्यूबच्या सहा बाजूंमध्ये बदलायचा आहे. बायलिनियर, बायक्युबिक, स्प्लाइन३६ आणि सिंक२५६ हे फिल्टरचे पर्याय दिसतात. सर्वांत मोठा सिंक२५६च घ्यावा का?

नको. नवा पिक्सेल ठरवताना आजूबाजूचे किती जुने पिक्सेल हिशेबात धरायचे, हाच इथे मुख्य फरक आहे: बायलिनियरमध्ये ४, बायक्युबिकमध्ये १६, पुढच्या दोघांत अनुक्रमे ३६ आणि २५६. पिक्सेल वाढले की बारीक तपशील थोडा जास्त टिकतो. पण उजळ आकाशासमोर काळी तार असेल तर तिच्या कडेला फिकट-गडद रेघा उमटतात, आणि सिंक२५६मध्ये त्या लांबवर पसरतात. फोटोसाठी स्प्लाइन३६ घ्या. रेघा खटकल्या तर बायक्युबिकवर या. मास्कला (कुठला भाग ठेवायचा, कुठला झाकायचा हे सांगणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राला) मात्र निअरेस्ट नेबर, म्हणजे सर्वांत जवळचा एकच पिक्सेल जसाच्या तसा घेणारा फिल्टर; नाहीतर काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडे पिक्सेल तयार होतात.

फिल्टरच्या आधी बाजूचा आकार ठरवा, कारण खरे नुकसान तिथे होते. पुष्कळ जण रुंदीला ४ने भागून २००० घेतात. बाजूच्या मध्यभागी मूळ तपशील राखायचा तर भागायचे पायने (π, सुमारे ३.१४), म्हणजे सुमारे २५४६. २००० घेतलेत तर मध्यभागी एकपंचमांशाहून जास्त तपशील जातो आणि तो कुठलाही फिल्टर परत आणू शकत नाही.

शार्पनिंग (कडा ठसठशीत करणे) रूपांतरानंतरच करा. आधी केले तर जमिनीच्या आणि आकाशाच्या बाजूंवर मध्यातून फाकणाऱ्या रेघा दिसतात, कारण मूळ चित्रात तो भाग आडवा ताणलेला असतो.

प्रश्न: १६,००० पिक्सेल रुंद पॅनोरमापासून २००० पिक्सेलचा ‘लिटल प्लॅनेट’ (जमीन मध्ये आणि क्षितिज भोवती, असे छोट्या ग्रहासारखे गोल चित्र) केला. खिडक्यांच्या जाळ्यांवर लाटांसारखी नक्षी आली. स्प्लाइन३६ वापरूनही गेली नाही.

क्षितिजाचे वर्तुळ ५०० पिक्सेल त्रिज्येचे धरू. परीघ सुमारे ३१४० पिक्सेल, आणि त्यात मूळचे १६,००० बसवायचे आहेत. म्हणजे एका नव्या पिक्सेलमागे पाच जुने. हे फिल्टर वाढवण्यासाठी किंवा जवळपास त्याच मापात ठेवण्यासाठी आहेत. चित्र लहान होत असले तरी त्यांची व्याप्ती मूळ पिक्सेलांतच मोजली जाते, ती रुंदावत नाही. त्यामुळे जाळीची बारीक वारंवारता गाळली न जाता खोट्या जाड नक्षीत उतरते.

उपाय: आधी ८००० × ८००० पिक्सेलचे आउटपुट काढा, मग क्षेत्र-सरासरीने (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन) २०००वर आणा. मूळ पॅनोरमाच आधी ४०००पर्यंत लहान करण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण तो टाळावा. या प्रक्षेपणात क्षितिजाच्या बाहेरचा भाग उत्तरोत्तर मोठा होत जातो, त्यामुळे उंच इमारतींचे माथे पुसट होतात.

प्रश्न: क्यूबच्या मागच्या बाजूवर मधोमध एक बारीक उभी रेघ दिसते.

पॅनोरमाच्या डाव्या आणि उजव्या कडा तिथे जुळतात. फिल्टरला कडेपलीकडचे पिक्सेल हवे असतात. सॉफ्टवेअर ते दुसऱ्या कडेवरून घेत नसेल तर रेघ पडते आणि मोठ्या फिल्टरबरोबर ती रुंदावते. आधी आडवा दृश्यकोन (पॅनोरमा आडवा किती अंश व्यापतो) नेमका ३६० अंश आहे का ते पाहा, ३५९.९ असला तरी हीच तक्रार येते. तो बरोबर असेल तर ऑफसेटने (चित्र बाजूला सरकवण्याच्या सोयीने) चित्र निम्म्या रुंदीने, म्हणजे ८००० रुंद असेल तर ४००० पिक्सेल, सरकवा, ‘रॅप’ (एका कडेबाहेर गेलेला भाग दुसरीकडून आत आणणे) चालू ठेवा आणि पुन्हा रूपांतर करा. या वेळची समोरची बाजू म्हणजे तुमची मागची बाजू, रेघेविना.