दप्तर तपासणी म्हणजे कुणाचं दप्तर?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय. पोराच्या झेडपी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'उद्या दप्तर तपासणी, विस्तार अधिकारी येणार'. ताईंनी रात्री बसून पोराची बॅग आवरली, वह्यांना कव्हरं घातली, आणि सकाळी कळलं की बॅग कुणी बघतच नाही. मग शाळेनं शब्द चुकीचा वापरला का, आणि लिहायचं दप्तर का दफ्तर?

ताई, शब्द अगदी बरोबर आहे. दप्तर म्हणजे शाळेचे कागद, म्हणजे जनरल रजिस्टर, हजेरी, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, पोषण आहाराची वही, डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, शेरेबुक. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची, हल्ली सगळ्या तपासणीला सरसकट 'शाळेचं ऑडिट झालं' म्हणतात. अहो ऑडिट हिशोबाचं असतं. साहेब वर्गात बसून पोरांना धडा वाचायला लावतात, पाढे म्हणून घेतात, त्याला कसलं ऑडिट? तपासणी हा चांगला शब्द असताना!

आता दप्तर. हा फारसीतून आला हे सगळे सांगतात आणि तिथंच थांबतात, खरी गंमत त्याच्या मागं आहे. फारसीत तो पोचला ग्रीक 'डिफ्थेरा'वरनं, आणि डिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं! हिरोडोटस हा जुना ग्रीक इतिहासकार लिहितो की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्यांनाही 'कातडी'च म्हणायचे, कारण पपायरस मिळत नव्हता तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहायचे. कातडं गेलं, कागद आला, नाव तेच राहिलं. आणि पुढचं ऐका, घटसर्पात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून त्याचं नाव डिप्थेरिया, म्हणजे पोराला टोचलेल्या डीपीटीतला 'डी' आणि त्याच्या पाठीवरचं दप्तर, दोन्ही एकाच कातड्यातनं निघालेत. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी घरात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

काही विद्वान मात्र दप्तरला जुन्या इराणी 'दिपि'शी नेऊन जोडतात. दिपि म्हणजे लेख, शाहबाजगढीच्या अशोकाच्या शिलालेखात लिपिच्या जागी 'दिपि'च आहे, ते सगळं कबूल. पण दिपितला 'प' धरून दप्तरमधला 'तर' कुठनं आणला ते एकदा सांगा की. डिफ्थेरात द, फ, त, र चारी अक्षरं ओळीनं बसलीत. आणि एक सर तर 'दत्तपत्र' वरनं दप्तर म्हणतात, त्यांनी आधी एखादा जुना कागद दाखवावा ज्यात दत्तपत्र म्हणजे गठ्ठा असं लिहिलंय, मग बोलू.

पोराच्या पाठीवर ते कसं गेलं? कागद फडक्यात बांधून ठेवायचे. पेशवे दप्तरातले गठ्ठे आजही 'रुमाल' म्हणूनच मोजतात. मिरजेला आमच्या आजोबांचं शाळेचं दप्तर म्हणजे असंच एक फडकं होतं, पाटी-पुस्तक त्यात गाठ मारून काखेत. बांधलेल्या कागदांचं नाव बांधायच्या फडक्याला लागलं, फडक्याची पिशवी झाली, पिशवीची चेनची बॅग.

हां, फ का प. फारसीत फ, मराठीत दप्तर लिहा. हफ्त्याचा हप्ता झाला तसंच ते.