टेबल सॉ जुळवताना आणि निवडताना

नवीन टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पाते वर आलेल्या विजेच्या करवतीवर, पहिली फळी कापण्याआधी प्लग काढून ठेवा आणि पाते मायटरच्या खाचेला (टेबलावरची, कोनात कापण्याचा मार्गदर्शक सरकवायची सरळ खाच) समांतर आहे की नाही, हे तपासा. त्यासाठी पात्याच्या एकाच दातावर खूण करावी, तो दात पुढे असताना खाचेपासूनचे अंतर डायल गेजने (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) मोजावे आणि पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणून पुन्हा मोजावे. दोन वेगळे दात मोजल्यास पात्याचा स्वतःचा किंचित वाकडेपणाही मापात मिसळतो, आणि नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते. दोन्ही मापांतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असावा, असा माझा आग्रह आहे.

फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतात ती आडपट्टी, त्यानंतरच, त्याच खाचेला समांतर लावावी. तिचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले मुळीच नसावे, कारण मग लाकूड पाते आणि फेन्स यांच्यात आवळले जाऊन वेगाने तुमच्याच अंगावर फेकले जाते. रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट मिटून पाते आवळले जाऊ नये म्हणून पात्यामागे बसवलेली पातळ पट्टी, म्हणूनच काढू नये.

विकत घेताना मोटरच्या ताकदीपेक्षा पात्याचा आधार कशाला जोडला आहे, हे पाहा. कॅबिनेट सॉमध्ये (बंद पेटीवर उभ्या असलेल्या जड टेबल सॉमध्ये) तो बहुधा खालच्या पेटीला बसवलेला असतो, त्यामुळे चार बोल्ट सैल करून वरचे टेबल सरकवले की काम होते. हलक्या यंत्रांत तो टेबलालाच खालून टांगलेला असतो आणि जुळवणी किचकट होते. फेन्स दहा वेळा सैल करून घट्ट करावी. दरवेळी ती समांतरच बसली, तरच ते यंत्र घ्यावे.