मुलांच्या सेवेसाठी मंडळीच्या गटासोबत तीन आठवडे आफ्रिकेतील खेड्यात जावे का?

तुमच्या मंडळीतील तरुणांचा गट मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी मलावीला जाणार आहे, खर्च माणशी दीड लाखाच्या पुढे आहे, आणि एवढे करून तिथल्या मुलांना आपला काही उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी परिचारिका आहे आणि मलावीतल्याच लिलाँग्वे जिल्ह्यातील एका मिशन दवाखान्याच्या बालपोषणाच्या कामात स्वयंसेविका म्हणून राहिले आहे. तुम्ही जरूर जावे, असे माझे मत आहे. मात्र इतक्या थोड्या दिवसांत तुमचा उपयोग मुलांना होण्यापेक्षा मुलांना सांभाळणाऱ्या गावातल्या माणसांना अधिक होईल, हे धरूनच जावे.

तपासणीच्या दिवशी आया पाच वर्षांखालच्या मुलांना पाठीशी बांधून दूरदूरच्या वस्त्यांवरून चर्चच्या आवारात येतात. सरकारी आरोग्यसेवक मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर रंगीत पट्टी गुंडाळून घेर मोजतो. घेर १२.५ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर हिरवा रंग दिसतो, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान पिवळा, आणि त्याहून कमी असेल तर लाल. मग तो दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का, म्हणजे सूज आहे का, ते पाहतो. मूल अनोळखी चेहरा पाहून हात आखडून घेते आणि रडू लागते, म्हणून तो आधी पट्टी मुलाच्या हातात खेळायला देतो आणि आईशी चिचेवा भाषेत शेताच्या, घराच्या गोष्टी काढतो. लाल रंग आला म्हणजे पुढचे कित्येक आठवडे त्या आईने शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टची पाकिटे नेमाने न्यायची असतात, आणि ती परत येईल की नाही हे बरेचसे त्या बोलण्यावर अवलंबून असते. मला तिथे नोंदवही लिहिण्याचे काम दिले होते आणि ते अगदी योग्य होते, कारण त्यामुळे त्याचे हात मोकळे राहिले आणि उन्हात बसलेल्या बायांची रांग लवकर सरकली. पेजेच्या केंद्रावरही तसेच असते: गावातल्या आया पाळीपाळीने उजाडण्यापूर्वी चूल पेटवून मका आणि सोयाबीनच्या पिठाची पेज शिजवतात, मुले घरून आपापला मग घेऊन येतात, आणि पाहुण्याने पाणी आणावे, सरपण आणावे, पातेली घासावीत.

हाताशी असलेले कौशल्य सोडून दुसरे काही करायला कोणी सांगितले, तर स्पष्ट नकार द्या. युगांडातील जिंजा येथे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका परदेशी मिशनरी तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवले, तिथे काही वर्षांत शंभराहून अधिक मुले दगावली, २०१९ साली दोन मातांच्या वतीने खटला दाखल झाला आणि २०२० मध्ये तो तडजोडीने मिटला. तिने आरोप नाकारले होते आणि तिच्या श्रद्धेविषयी मला काही बोलायचे नाही. पण आजारी मुलाला सलाईन लावणे हे प्रशिक्षित हातांचेच काम आहे.

कार्यक्रमात अनाथाश्रमातला मुक्काम असेल तर तो गाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा संस्थांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि गरिबीपायी मूल तिथे पोहोचलेले असते; पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की मुलाला घरी परत पाठवण्याची निकड कोणालाच उरत नाही. शिवाय दर महिन्याला नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो, हे लहान मुलांना फार जड जाते.

सुवार्तेविषयीही एक सांगावेसे वाटते. मलावीत चारपैकी तीनहून अधिक माणसे ख्रिस्ती आहेत आणि लिव्हिंगस्टोनिया या स्कॉटिश मिशनने १९१४ सालीच तिथल्या स्थानिक पाळकांना दीक्षा दिली होती, त्यामुळे आपण तिथे शिकवायला जातो आहोत हा भाव मनात असू नये; मुलांची प्रार्थना, गाणी, बायबलमधील गोष्टी हे सारे तिथल्या पाळकांच्या सांगण्याप्रमाणे चालावे. आपल्याकडे मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, पण ते पुढे अनेक दशके चालले त्याला त्यांचे अनेक वर्षांचे वास्तव्य आणि त्यांनी शिकवून तयार केलेले इथलेच डॉक्टर कारण आहेत. तीन आठवड्यांत तसे काही घडत नाही, पण तसे काम करणाऱ्यांच्या हाताखाली राबता येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना पाठवताना एकाच घरी राहायला आणि पुढे वाढतील ते खायला सांगितले आहे. मक्याच्या पिठाची न्सिमा आणि पाला कोणी प्रेमाने वाढला तर तो नाकारू नका.

मे महिन्यात मक्याची कापणी झालेली असते, त्यामुळे डिसेंबर ते मार्च या काळातील उपासमार तुम्हाला दिसणार नाही, आणि म्हणून गावाला मदतीची गरजच नाही असे समजू नये. मलेरियाची प्रतिबंधक औषधे डॉक्टरांना विचारून प्रवासाआधीच सुरू करा आणि परतल्यावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या. मलावी सरोवराचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यात शिस्टोसोमा हा परजीवी असतो, म्हणून त्यात उतरू नका. प्रवास आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ बाळगलेले बरे. आईला विचारल्याशिवाय मुलाचे छायाचित्र काढू नका, मुलांसोबत एकटे राहू नका आणि गाडीतून खाऊ वाटू नका.

पैसे भरण्यापूर्वी तुमच्या पाळकसाहेबांना विचारा की तिथल्या मंडळीने आपल्याला कोणत्या कामासाठी बोलावले आहे आणि त्यांचे तसे पत्र आले आहे का. पत्रात नेमके काम लिहिलेले असेल तर निर्धास्त जा. तसे पत्र नसेल, तर यंदा गटाचा खर्च त्या मंडळीच्या पेजेच्या केंद्रासाठी किंवा गावातल्या एखाद्या मुलीच्या परिचारिका शिक्षणासाठी पाठवावा आणि निमंत्रण आल्यावर पुढच्या वर्षी जावे, असे मी सुचवीन.