अरबीला जायची वेळ झाली की पोट दुखतं

‘मुलगा अरबीला जायला तयार नाही. उद्या दीनपासूनच (धर्मापासूनच) लांब गेला तर?’ हा प्रश्न घेऊन सांगली-मिरजेतले आईबाप माझ्याकडे वरचेवर येतात. बरेच जण तो दबकत विचारतात. मकतबबद्दल, म्हणजे मुलांना अरबी आणि कुरआन शिकवणाऱ्या वर्गाबद्दल, काही बोललं तर दीनबद्दलच बोलल्यासारखं होईल, ही धास्ती असते. अशाच एका घराचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा मिरजेचा, 9 वर्षांचा, मराठी शाळेत चौथीत. शाळेला आनंदाने जायचा. असरच्या नमाजनंतर मकतबमध्ये दीड तास अरबी असायची, आणि पाच वाजत आले की हा पोट धरून बसायचा. डॉक्टरांना दाखवून झालं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शुक्रवारी मकतबला सुट्टी. त्या दिवशी पोट अजिबात दुखत नाही, हे आईच्याच लक्षात आलं होतं. ‘मॅडम, हा नाटक तर करत नाही ना?’ असं तिने विचारलं. वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचा स्वतःचा कुरआन दहाव्या वर्षी पूर्ण झाला होता, चुलतभाऊ कुरआनच्या पाचव्या पाऱ्यावर (भागावर) पोचला होता, आणि हा अजून पहिल्याच पाऱ्यात अडकलेला.

नाटक नव्हतं. भीतीने पोटात खरोखर कळ येते. कशाची भीती, एवढंच शोधायचं होतं.

त्याला सूरह फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) म्हणायला सांगितली तर सुंदर म्हटली. मग मकतबमध्ये काय अवघड जातं असं विचारल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘हजरत मधेच बोट ठेवतात.’ हजरत म्हणजे मकतबचे शिक्षक. त्या एका वाक्यात सगळं होतं. मुलाचा कान तयार होता. शेजारचा मोठा मुलगा सबक (धडा) म्हणायचा, हा ऐकून पाठ करायचा आणि म्हणून दाखवायचा. ओळीच्या मधल्या शब्दावर बोट आलं की मात्र वाचता यायचं नाही. मग सगळ्यांसमोर उभं राहायचं, आणि बाकीची पोरं हसायची.

त्याचा नूरानी कायदा, म्हणजे अरबी वाचायला शिकवणारी पहिली पुस्तिका, मागवून घेतला. सुटी अक्षरं त्याला येत होती. जोडाक्षरांच्या पानावर गाडी थांबत होती. यात नवल नाही. अरबीत बा, ता, सा, नून आणि ‘या’ ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की सगळ्यांचा आकार एकच होतो, फरक फक्त नुक्त्यांचा (टिंबांचा): किती आहेत, आणि वर आहेत की खाली. त्यात उजवीकडून डावीकडे वाचायचं. दिवसभर मराठी वाचणाऱ्या मुलाला हे पक्कं व्हायला वेळ लागतो, आणि याला तो वेळ मिळण्याआधीच पारा हातात दिला गेला होता. मराठी उतारा तो घडाघडा वाचत होता, म्हणून अध्ययन अक्षमतेची शंका मी बाजूला ठेवली. दोन्ही लिप्यांत अडखळत असेल तर ती तपासणी करून घ्यावीच.

नंतर वडिलांसोबत हजरतना भेटले. तरुण, मनापासून शिकवणारे हाफिज (पूर्ण कुरआन पाठ असलेले). दीड तास आणि तीसेक मुलं, म्हणजे एकाच्या वाट्याला 3 मिनिटं. एवढ्या वेळात चूक दुरुस्त करण्यापेक्षा उभं करणं सोपं पडतं, हे मला समजतं. तरीही ते मला मान्य नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. उलट त्यांनीच ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातली हदीस (प्रेषितांबद्दलची नोंद) सांगितली: मुआविया इब्न हकम नमाजमध्ये बोलून बसले, लोक त्यांच्याकडे डोळे वटारून बघू लागले, प्रेषितांनी मात्र नमाज संपल्यावर त्यांना ना मारलं, ना झिडकारलं, फक्त नीट समजावलं. शिस्त ढिली पडेल या वडिलांच्या काळजीवर मी इतिहासकार इब्न खल्दून यांचं उदाहरण दिलं. 1377 च्या ‘मुकद्दिमा’त त्यांनी लिहून ठेवलं आहे की कडक शिक्षेखाली वाढलेलं मूल आळशी होतं आणि भीतीपोटी खोटं वागायला शिकतं. पोटदुखीच्या या घरात ते वेगळं समजवावं लागलं नाही.

मुलगा पुन्हा कायद्यावर आला. चुलतभावाच्या बरोबरीचा तो राहणार नाही, हे वडिलांना पचायला जड गेलं. सबक एका ओळीवर आणला. हजरतांकडे जाण्याआधी मोठ्या मुलाने त्याचं ऐकून घ्यायचं, चूक तिथेच सुधारायची. उभं करणं बंद, आणि तेही सगळ्याच मुलांसाठी. घरी मोबाईलवर तिलावत (कुरआनपठण) लावायची ती अक्षरावर बोट ठेवूनच. नुसतं ऐकलं असतं तर हा पुन्हा पाठ करून मोकळा झाला असता.

आणखी एक गोष्ट मी आईला सांगितली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सूरह फील त्याला तोंडपाठ होती, पण ती हत्ती घेऊन आलेल्या सैन्याची हकिकत आहे हे त्याला माहीत नव्हतं. आईने मराठी भाषांतर वाचून त्याला सांगितली. ‘पक्ष्यांनी दगड पायात धरले की चोचीत?’ त्याने लगेच विचारलं. आई घाबरली, असं विचारलेलं चालतं का म्हणून. चालतं. मूल प्रश्न विचारतं आहे म्हणजे त्याचं मन तिथे लागलं आहे. आपल्याला उत्तर येत नसेल तर हजरतना विचारायला पाठवा.

पोटदुखी हळूहळू कमी झाली. मकतबमधल्या तपासणीच्या आदल्या दिवशी अजूनही जेवण जात नाही. वडील ‘किती पारे झाले?’ असं विचारायचे थांबले आहेत. रात्री त्याला जवळ घेऊन आजची ओळ वाचून घेतात. मधेच बोट ठेवतात, आणि अडला तर स्वतः वाचून दाखवतात.

मात्र मूल मार खाऊन येत असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर यातलं काही करत बसू नका. त्याला त्याच दिवसापासून घरी ठेवा, मकतब चालवणाऱ्या जमातीशी बोला आणि दुसरा उस्ताद शोधा. मधल्या काळात घरी एक ओळ वाचली तरी चालेल.