नळाचं पाणी, बोअरचं पाणी: वाचकांचे चार प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारी 2025 मध्ये या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले, तेव्हापासून पाण्याची धास्तीच घेतली आहे. सकाळी नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येतो. ते प्यावं का?

वासामुळे पाणी ओतून देऊ नका. तो क्लोरीनचा वास आहे आणि तो तुमच्या नळापर्यंत पोचतोय, ही चांगली खूण आहे. भारतीय मानक 10500 प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायलाच हवा. वास नकोसा वाटत असेल तर भांड्याला स्वच्छ फडकं बांधून पाणी तासभर ठेवा. मला काळजी वाटते ती वास अचानक नाहीसा होतो तेव्हा.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. ते गेलं की वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या जोडांतून बाजूच्या गटाराचं पाणी आत शिरतं. कोणी थेट नळाला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. म्हणून सुरुवातीच्या काही मिनिटांचं पाणी धुण्याभांड्यांना वापरा.

सोसायटीची जमिनीखालची टाकीही बघून या. कितीतरी ठिकाणी ती ड्रेनेजच्या चेंबरला खेटून असते आणि झाकण नीट बसत नाही. क्लोरोस्कोप (क्लोरीन तपासायची छोटी पेटी) आणून ओटी टेस्ट दोन ठिकाणी करा, तिच्यात पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो : महापालिकेचं पाणी टाकीत पडतं तिथे आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या नळाला. खाली पिवळा रंग आला आणि वर आलाच नाही, तर आधी तुमच्या टाक्या तपासून धुऊन घ्या. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्यायचं. टाक्यांचं काम होईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या.

प्रश्न : विक्रेत्याने पाण्यात मीटर बुडवून टीडीएस 180 दाखवला आणि आरओ घ्यावाच लागेल म्हणाला. घेऊ का?

नको. 180 हा उत्तम आकडा आहे, मानकाची स्वीकार्य मर्यादा 500 आहे. हे मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत, शिसं किंवा आर्सेनिक किती हेही ते सांगत नाही. टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच केंद्राला सांगितलं होतं, कारण या यंत्रातून बरंच पाणी वाया जातं.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत बऱ्याच मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. गावाला बोअरचं पाणी आहे. आम्ही पालकांना पाणी उकळून द्यायला सांगितलं आहे.

गुरुजी, उकळायला सांगणं आजच थांबवा. ही लक्षणं फ्लोराइडची वाटतात, आणि उकळल्याने पाणी आटतं, फ्लोराइड मात्र तेवढंच राहतं. म्हणजे प्रमाण उलट वाढतं. खतं आणि सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रेटचंही तसंच. त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे आणि बाटलीने दूध पिणाऱ्या सहा महिन्यांखालच्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. हिरड्यांखाली तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर ते परिणाम करतं. आलेले पट्टे पाणी बदलून जात नाहीत, पण धाकट्या भावंडांचे दात वाचतात. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर मान, पाठ, गुडघे आखडतात. ते दुखणं दातांच्या डागांपेक्षा कितीतरी वाईट.

फ्लोराइड खडकातून येतं, त्यामुळे एकाच गावात दोन बोअरच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो. सगळे बोअर, हातपंप आणि जुन्या विहिरीसुद्धा जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेतून वेगवेगळ्या तपासून घ्या. कमी फ्लोराइडचा स्रोत फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवा. डाळ-भातात जाणारं पाणीही पोटातच जातं, हे पालकांना आवर्जून सांगा. चांगला स्रोत सापडलाच नाही, तर नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत आहे. आरओ खरा उपयोगी पडतो तो अशा गावात.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नेमकी किती टाकायची? आमच्याकडे अंदाजानेच टाकतात.

हजार लिटरला अडीच ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे 28 हजार लिटर होतं, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. पोतं उघडं राहिलं किंवा ओल लागली की तिचा जोर उतरतो. जुन्या पोत्यातली पावडर मापाने टाकूनही उपयोग होत नाही.

पावडर कोरडी टाकू नका. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडा. मग बादली दोराने खालीवर हलवून पाणी ढवळा. हे संध्याकाळी उपसा थांबल्यावर करा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळावं लागतं, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. तासाभराने ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आला नाही, तर त्या विहिरीचं पाणी भरू देऊ नका, पुन्हा निवळी टाका आणि पुन्हा तपासा.