गुऱ्हाळावरच्या उपकरणाचे पेटंट कोणाचे?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. काहिलीत उकळणाऱ्या पाकाचे तापमान आणि दाटपणा एकाच वेळी मोजून काहील कधी उतरवावी हे सांगणारे उपकरण मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बनवले आणि गेल्या हंगामात निपाणीजवळच्या एका गुऱ्हाळावर त्याची चाचणीही घेतली. दोन महिन्यांपूर्वी एका परिषदेत त्यावर निबंध वाचला. आता पेटंटची संधी गेली, असे सहकारी सांगतात. पेटंट मिळालेच तर ते कोणाचे? विद्यापीठाची नेमकी मदत काय असते? नोकरी सोडून कंपनी काढावी का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : संधी गेलेली नाही, परंतु तिला मुदत आहे आणि ती मुदत आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी असू शकते. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ नुसार, संशोधकाने स्वतः विद्वत्सभेत वाचलेला निबंध नावीन्याला बाधक ठरत नाही. अट इतकीच की पेटंटचा अर्ज त्यानंतर बारा महिन्यांच्या आत दाखल व्हावा. मात्र शुल्क घेऊन भरवलेली प्रत्येक परिषद ही विद्वत्सभा ठरेल असे नाही, म्हणून या सवलतीवर विसंबून वर्षभर थांबू नये. गुऱ्हाळावरील चाचणीसाठी कलम ३२ लागू होते. ज्या शोधाची परीक्षा लोकांसमोर घेण्यावाचून गत्यंतर नसते, त्याची वाजवी चाचणी अर्जाच्या आधीच्या एका वर्षात झाली असल्यास तिच्यामुळे पेटंट नाकारले जात नाही. आपली चाचणी निबंधाच्या आधीची आहे, म्हणजे ही दुसरी मुदत पहिलीपेक्षा लवकर संपेल. चाचणी कोणत्या तारखेला झाली ते आजच वहीत पाहावे. त्या गुऱ्हाळमालकाला उपकरण विकले असेल किंवा भाड्याने दिले असेल, तर तो व्यवहार चाचणीत मोडत नाही, हेही लक्षात असू द्यावे. युरोपात अशा सवलती जवळजवळ नाहीत. तिकडची दारे निबंधाच्या दिवशीच बंद झाली, असे धरून चालावे.

उपाय सरळ आहे. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज लगेच दाखल करावा आणि पूर्ण तपशील त्यापुढच्या बारा महिन्यांत द्यावा. कर्नाटकातल्या अर्जदारांचे अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, कोल्हापूरकरांचे मुंबईकडे. त्यामुळे कोल्हापूरच्या मित्राच्या सल्ल्याने मुंबईकडे अर्ज पाठवू नये. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर शैक्षणिक संस्थांनाही तोच दर लागू आहे. खरा खर्च मसुदा लिहून देणाऱ्या पेटंट एजंटाचा असतो, आणि तो वाचवण्याचा प्रयत्न करू नये. केवळ गणिती पद्धत किंवा संगणक आज्ञावली यांना कलम ३(के) नुसार पेटंट मिळत नाही, तसेच परंपरागत ज्ञानालाही मिळत नाही. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बांधते का हे पाहण्याची गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराची, रीत सर्वांची आहे. उकळत्या, फेसाळ पाकात टिकणारी आणि दोन्ही मोजमापे एकत्र घेणारी आपल्या उपकरणाची रचना मात्र आपली आहे. दाव्यांचा, म्हणजे अर्जात ज्या मुद्द्यांवर हक्क सांगितला जातो त्यांचा, भर तिच्यावर हवा.

आता मालकीविषयी. या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात एका कायद्यात सापडत नाही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली आणि तिथली तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालये त्यानंतर झपाट्याने वाढली, जरी स्टॅनफर्डने आपले कार्यालय १९७० मध्येच सुरू केले होते. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि पुढे मागे घेतले गेले. नोकरीत असताना लावलेल्या शोधाची मालकी कोणाची, हे आपला पेटंट कायदाही सांगत नाही. त्यामुळे नेमणूकपत्र आणि संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण हे दोनच कागद निर्णायक ठरतात, आणि दुर्दैवाने बहुतेक प्राध्यापक ते भांडण उभे राहिल्यावरच वाचतात.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण जाहीर केले. ते मार्गदर्शक आहे. संस्थेने स्वीकारले तरच उपयोगी पडते. संस्थेच्या सुविधा किंवा निधी यांचा लक्षणीय वापर झाला असेल, तर मालकी संशोधक आणि संस्था यांची संयुक्त असावी, असे त्यात म्हटले आहे. संस्थेच्या सुविधा न वापरता, कामाच्या वेळेबाहेर केलेला शोध संपूर्णपणे संशोधकाचा मानला जातो. आपले उपकरण प्रयोगशाळेत बनले असल्याने संयुक्त मालकीची तयारी ठेवावी. येथे संस्था म्हणजे महाविद्यालय की विद्यापीठ, हा प्रश्न संलग्न महाविद्यालयांत नेहमी अडतो. पगार आणि प्रयोगशाळा महाविद्यालयाची, पदवी विद्यापीठाची. म्हणून दोघांकडूनही लेखी उत्तर घ्यावे, आणि ते अर्जावर अर्जदारांची नावे घालण्यापूर्वी घ्यावे.

मदतीबद्दल मी स्पष्टच लिहितो. चांगले विद्यापीठ पेटंटचा खर्च उचलते, करारांचे मसुदे तपासते, नवउद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेशन केंद्रात जागा आणि यंत्रसामग्री देते आणि सरकारी अनुदानाच्या दारापर्यंत नेते. मुंबईच्या आयआयटीने २००४ मध्ये ‘साइन’ हे केंद्र काढले. तिथे वाढलेली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. मध्ये गेलेली सोळा वर्षे नजरेआड करू नयेत. केंद्र सरकारच्या ‘निधि-प्रयास’ योजनेत नमुना यंत्रासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि त्यासाठीचा अर्ज मान्यताप्राप्त केंद्रामार्फत करावा लागतो. कर्नाटक सरकारच्या ‘एलेव्हेट’ उपक्रमात स्टार्टअपला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, मात्र कंपनीची नोंदणी कर्नाटकात हवी. पुणे-कोल्हापूरची ओढ आपल्या भागात स्वाभाविक आहे. तरीही कंपनी कोठे नोंदवायची हे ठरवताना हा मुद्दा विसरू नये. या साहाय्याच्या बदल्यात संस्था हिस्सा मागते. राष्ट्रीय धोरणात तो साधारण २ ते ९.५ टक्के समभाग असा सुचवला आहे. त्याहून अधिक मागितल्यास धोरणाची प्रत दाखवून बोलावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

विद्यापीठाचे कार्यालय ग्राहक मात्र मिळवून देत नाही. म्हणून नोकरी आत्ताच सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. स्टार्टअपसाठी एका सत्राची किंवा वर्षाची रजा देण्याची शिफारस त्याच धोरणात आहे. ती आधी मागावी. शिवाय कंपनी हा एकच मार्ग नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम, पंप आणि हायड्रॉलिक यंत्रे बनवणारे अनुभवी कारखानदार आहेत. त्यांच्यापैकी एकाला उत्पादनाचा परवाना द्यावा, सुरुवातीला ठरावीक रक्कम आणि पुढे प्रत्येक नगावर रॉयल्टी घ्यावी, हे आपल्या उपकरणाला अधिक मानवेल. करारात किमान वार्षिक रॉयल्टी आणि अमुक काळात उत्पादन सुरू न केल्यास परवाना परत घेण्याची अट अवश्य असावी. नाहीतर परवाना घेणारा तो कपाटात ठेवून देतो आणि संशोधकाचे हात बांधले जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत शिकवत असतानाच बंधू रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचा धंदा उभा केला, आणि पुढे त्यांचा लोखंडी नांगर उत्तम असूनही, लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो सुरुवातीला घेईनात. आपल्या उपकरणालाही गुळव्याचा विश्वास मिळवावा लागेल. गुळव्या उपकरणाला स्वतःचा प्रतिस्पर्धी समजला, तर मालकाने विकत घेतलेले उपकरणही काहिलीपाशी पडून राहील. म्हणून पुढच्या हंगामातील चाचण्या गुळव्याच्या अंदाजाशी ताडून, त्याच्या देखत कराव्यात, आणि त्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असावा.

प्रश्न : माझ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पावर पेटंट घ्यायचे ठरले आहे. मार्गदर्शक प्राध्यापक स्वतःचे नाव संशोधक म्हणून पहिले घालायला सांगतात. नकार द्यावा का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : नावांच्या क्रमाला कायद्यात महत्त्व नाही, नाव असावे की नसावे, याला आहे. शोधाच्या मूळ कल्पनेत ज्याची भर आहे तो संशोधक. केवळ देखरेख केली, उपकरणे मिळवून दिली किंवा अहवाल तपासला म्हणून कोणी संशोधक होत नाही. सरांनी एखादी निर्णायक अडचण सोडवली असेल तर त्यांचे नाव न्याय्य आहे आणि ते आपण आनंदाने घालावे. तसे नसेल तर प्रकल्पाची वही, तारखा आणि ईमेल घेऊन आधी त्यांच्याशीच नम्रपणे बोलावे. तोडगा न निघाल्यास राष्ट्रीय धोरणात अशा वादांसाठी किमान पाच सदस्यांच्या समितीची तरतूद आहे. तिच्याकडे लेखी अर्ज करावा.

प्रश्न : पेटंटचा अर्ज मराठीत करता येतो का?
— एक लघुउद्योजक, बेळगाव

उत्तर : नाही. अर्ज आणि त्यासोबतची कागदपत्रे हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागतात; कन्नडमध्येही चालत नाहीत. आपली कामाची वही मात्र मराठीत असायला काहीच हरकत नाही. प्रत्येक पानावर तारीख, आपली सही आणि काम समजणाऱ्या एका साक्षीदाराची सही असावी. एजंटाला शोध मराठीत समजावून सांगावा, आकृत्या स्वतः काढाव्यात, आणि त्याने तयार केलेल्या इंग्रजी मसुद्यातील दाव्यांचा अर्थ वाक्यावाक्याने विचारून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये.