डेलिका घेण्याआधी चेसिस नंबर बघा

तुमचा प्रश्न असा, की खानापूरहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, तिलारी या पट्ट्यात बायकोमुलांना घेऊन फिरायचं आणि रात्री गाडीतच झोपायचं. निपाणीकडचा एक एजंट जुनी मित्सुबिशी डेलिका फोर-बाय-फोर देतोय. पासिंग ईशान्येकडचं आहे, आणि "टोकन द्या, एनओसी मागाहून करून देतो" असं तो म्हणतोय. घ्यावी का?

या सौद्यात पडू नका. गाडी वाईट म्हणून नव्हे, डेलिका मला मनापासून आवडते. व्हॅनएवढी जागा आणि खाली पजेरोच्या घराण्यातलं फोर-व्हील ड्राइव्ह, अशी दुसरी गाडी शोधून सापडत नाही. अडचण कागदांची आहे.

डेलिकासारखी परदेशात वापरलेली गाडी इथे आणायची तर ती बनून तीन वर्षांच्या वर झालेली चालत नाही. ती मुंबई बंदरातच उतरवावी लागते, एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते, आणि सगळे कर मिळून गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जातात. अमेरिकेत गाडी २५ वर्षांची झाली की नियम सैल होतात, कॅनडात १५ वर्षांनी. व्हिडिओत दिसणाऱ्या चौकोनी स्टार वॅगन, म्हणजे जुन्या डेलिका, बहुतेक तिकडच्या. आपल्याकडे व्हॅनएवढ्या डेलिकांपैकी तीन वर्षांच्या नियमात बसते ती फक्त आताची डी:५, आणि तिला लो गिअरच नाही, म्हणजे चिखलात-चढावर हळू पण जोरात ओढणारा गिअर. लो गिअर होता तो जुन्या स्टार वॅगनला आणि १९९४ साली आलेल्या स्पेस गिअर या पुढच्या डेलिकाला.

मग निपाणीची गाडी आली कुठून? सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले. भूतानमार्गे आणून दुसऱ्या राज्यांत नोंदवलेल्या परदेशी गाड्या त्यांनी उचलल्या. आरसी बुक हातात असलेल्या मालकांच्या दारातून गाड्या गेल्या. तुमची गाडी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही, पण आरसी आहे एवढ्यावर विसंबू नका. बिल ऑफ एंट्री मागा. परदेशातून आलेल्या गाडीची कस्टम्सकडची खरी नोंद तीच.

दुसरं, चेसिस नंबर स्वतः वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला आपल्यासारखा १७ अक्षरी नंबर नसतो. पी३५डब्ल्यू किंवा पीडी८डब्ल्यू असं मॉडेल, मध्ये आडवी रेघ आणि पुढे आकडे, एवढंच असतं. आरसीवर १७ अक्षरं असतील आणि लोखंडावर हा छोटा नंबर, तर तिथूनच मागे फिरा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा, ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तरी तेच. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून वर्ष, इंधन आणि मॉडेल जुळतंय का, तेही बघा.

समजा, कागद चोख निघाले. तरी केए-२२ ला, म्हणजे बेळगाव आरटीओत, नोंदवताना कर्नाटकाचा आजीव कर भरावा लागेल, आणि तो आपल्याकडे चांगलाच जड आहे. सीमेवर राहतो म्हणून बाहेरचं पासिंग चालून जाईल असं समजू नका. बारा महिन्यांच्या वर गाडी इथे राहिली की नोंदणी इथली करावीच लागते.

इंजिनाचंही सांगतो. स्टार वॅगनचं २.५ टर्बो डिझेल पुढच्या सीटखाली असतं, झाकण सीट उचलून काढायचं. चोर्ल्याच्या चढावर एसी लावून माणसं भरून नेली आणि कुलंट कमी असलं, की हेड तडकतं. या इंजिनाचं ते ठरलेलं दुखणं. बेळगावच्या उद्यमबागेत हेड घासून देणारे कसबी लोक आहेत, पण स्टार वॅगनच्या पाइपा, काचा, दाराचे रोलर कुठून आणणार? पोरं गाडीत आणि गाडी कणकुंबीत भर पावसात उभी, हे मला नको वाटतं. आणखी एक, ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो. समोरून धडक बसली तर पाय आणि पत्रा यांच्यात काहीच नाही.

आता खरंच लागतं काय? जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली सगळीकडे डांबर आहे. लाल चिखल लागतो तो आतल्या वाटांना, आणि त्यातल्या कितीतरी भीमगडच्या अभयारण्यात किंवा राखीव जंगलात जातात. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालायचीच नाही.

म्हणून लो गिअर हवाच असेल तर फोर्सची पाच दारी गुरखा बघा. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. झोपायला मात्र कॅरिअरवर तंबू लावावा लागेल. जागा महत्त्वाची असेल तर ट्रॅक्स क्रूझर घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह नाही, पण आपल्या भागात वडापला वर्षानुवर्षं धावतेय, त्यामुळे तिचा स्पेअर आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. सीट काढून बिछाना करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, नाहीतर इन्शुरन्सचा क्लेम अडतो. वाचलेल्या पैशातून पावसाळ्याआधी चारही टायर चांगल्या नक्षीचे टाका.